बांधलेल्या विहिरीतला बेडूक

बेडूकसर हाडं चाटायचे. रत्नागिरीत ज्यांनी त्यांना पाहिलं आहे त्यांना बाकी काही आठवो न आठवो, एवढं नक्की आठवतं, म्हणून ते आधी सांगून मोकळी होते. काळपट तुकडा हातात आला की सर तो रुमालाच्या टोकाने पुसायचे, जिभेचं टोक अलगद लावायचे आणि क्षणभर डोळे मिटायचे. तुकडा जिभेला चिकटला तर हाड, सुटून आला तर दगड. फार जुन्या हाडाला बारीक छिद्रं असतात, ती ओल ओढून घेतात, एवढंच त्यातलं शास्त्र. पण सर घरचे पक्के शाकाहारी. स्टाफरूममध्ये सुरमईच्या भावाची चर्चा निघाली की उठून खिडकीशी जाऊन उभे राहणारे. गणिताचे सर म्हणायचे, "आम्ही मासा खातो नि हाड टाकतो. हे मासा सोडून हाडालाच लागलेत." सर हसायचे. "चव नसते हो त्याला," एवढंच म्हणायचे.

मी १९९८ च्या जूनमध्ये कॉलेजात प्राणिशास्त्राची प्रात्यक्षिकं घ्यायला लागले तेव्हा सर पंचावन्नच्या आसपास होते. बारीक अंगाचे, चष्म्याला दोरी लावलेले. कुठलंही वाक्य ते "आहे"वर संपवत नसत. सगळं "असावं". बाटलीत बेडूक स्पष्ट दिसत असला तरी "हा बेडूक असावा." शेवटच्या वर्षाच्या मुली त्यांच्या मागे नक्कल करायच्या, "सर, आज सोमवार असावा." मला कामं एकाखाली एक लिहून संपली की खोडायची सवय, त्यामुळे या माणसाबरोबर काम करताना जीव थकून जायचा.

"सर, आज मुलं किती आली?"

"चोवीस असावीत."

"असावीत म्हणजे? हजेरी लावायचीय मला."

मग सर चष्मा सावरून एकेका बाकावर बोट ठेवत मोजायचे. चोवीसच निघायची.

पावसाळ्यात सकाळी ते छत्री आणि स्टीलचा डबा घेऊन हातखंब्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागायचे. गाड्यांखाली सापडून मेलेले बेडूक डब्यात गोळा करायचे. जिवंत बेडूक मारायचा नाही, हा त्यांचा नेम होता. प्रयोगशाळेत मुलांना चिरायला बेडूक यायचे त्या दिवशीसुद्धा ते सुरी मला द्यायचे आणि स्वतः फळ्याकडे जायचे. रस्त्यावरचे बेडूक घरी आले की भोकं पाडलेल्या डब्यात घालून परसातल्या काजूच्या बुंध्याशी, मुंग्यांच्या वाटेवर ठेवायचे. काही दिवसांत मुंग्या हाडं लख्ख करून द्यायच्या. काकू, म्हणजे त्यांची बायको, मला बघितलं की तक्रार सुरू करायच्या. "अगो, सासूबाईंनी लग्नात डब्यांची चळत दिली होती मला. निम्मे डबे मुंग्यांना गेले. भांडी मोजून ठेवत्ये मी, ती काय चोराच्या भीतीने?" मग आतून ओरडून सांगायच्या, "त्यांना म्हणावं, आजचा डबा तरी पोह्यांचा आहे, त्याला भोकं पाडू नका!"

असे बेडूक सरांनी वर्षानुवर्षं जमवले. पण ज्या बेडकापायी त्यांची पुढची सगळी वर्षं गेली तो रस्त्यावर सापडला नाही. तो पोत्यातून आला.

हातखंब्याच्या अलीकडे आत एका वाडीत तात्या राहायचे. थोडी भातशेती, थोडी आंब्याची कलमं. त्यांची मुलगी आमच्याकडे शिकून गेली होती, तेवढी ओळख. १९९९ च्या उन्हाळ्यात तात्यांनी कलमांसाठी विहीर खणली. वर जांभा लागला, त्याच्याखाली शेडी, म्हणजे आपल्याकडची पांढरट चिकणमाती, आणि शेडीच्या पोटात एक काळा थर. तात्यांना वाटलं कोळसाच. पोतंभर ढेकळं रिक्षात घालून ते थेट प्रयोगशाळेत हजर झाले.

"सर, ह्या बगा काय लागलाय. कोळसा असला तर सरकार जमीन तर घेनार नाय ना?"

सरांनी एक ढेकूळ हलकेच उकललं. आत पानाचा ठसा होता, शीर न शीर मोजता येईल असा. सरांनी त्यावरून भिंग फिरवलं. मग म्हणाले, "तात्या, घाबरू नका. कोळसा नसावा. पण हे खूप जुनं असावं. जांभा तयार व्हायच्याही आधीचं."

"मंग ठेवा तुमच्याकडं. माझ्या कामाचा नाय."

तो पूर्ण पावसाळा आम्ही ती ढेकळं फोडण्यात घालवला. ढेकळं ओल्या फडक्यात ठेवायची, कारण सुकली की त्यांचा भुगा होतो. कामाला करवंदीचे काटे. सरांच्या खिशात ते कायम असायचे, पेनच्या रिकाम्या नळीत बसवलेले. "सुई हाडावर ओरखडा काढते," ते म्हणायचे, "काटा स्वतः मोडतो." माझी पाठ आणि मान तेव्हा लागली ती अजून लागलेलीच आहे. पानं निघाली, बिया निघाल्या, माशांचे खवले निघाले. गणपतीच्या सुट्टीच्या आधी एका ढेकळात मांजरीच्या मिशीएवढी काळी रेघ दिसली. सरांनी ती मोकळी करायला सुट्टी संपेपर्यंतचा वेळ घेतला. बेडकाच्या कमरेचं हाड होतं ते. कोवळ्या शेवग्याच्या काडीसारखं लांब, बारीक, एका टोकाला रुंद झालेलं.

आणि कॉलेजभर चेष्टा सुरू झाली. कारण बातमी अशी पसरली की सरांना तात्यांच्या विहिरीत बेडूक सापडला. "विहिरीत बेडूक? काय सांगता! मग समुद्रात मासेही असतील!" गणिताच्या सरांनी तर त्यांचं नावच कूपमंडूक ठेवलं. "या कूपमंडूक, चहा घ्या." सर चहा घ्यायचे. पण चेष्टेच्या आत एक खरी अडचण होती आणि ती सरांना आमच्या सगळ्यांच्या आधी कळली होती. विहिरीत बेडूक पडतात, मरतात, त्यांची हाडं गाळात काळी होतात. हे हाड त्या थरातलंच, वरून पडलेलं नाही, हे दाखवायचं कसं? आमच्याकडे ढेकूळ होतं, पण ते खणणाऱ्या गड्याने घमेल्यात भरलेलं. थराच्या कुठल्या भागातून आलं ते कुणी पाहिलं नव्हतं. सर एकदा दोरीने विहिरीत उतरून थर पाहून आले, पण लोंबकळत भिंत कापता येत नव्हती.

पुढची दोन वर्षं सरांनी त्या हाडाची तुलना केली. काजूखालच्या डब्यांतून निघालेली सगळी कमरेची हाडं काळ्या कागदावर ओळीने मांडायची, मध्ये हे ठेवायचं, आणि भिंगातून पाहत मोठं चित्र काढायचं. बेडकाच्या या हाडावर वरच्या कडेला एक उंचवटा असतो. सर त्याला खुंटी म्हणायचे. कुठल्या जातीत खुंटी पुढे, कुठल्या जातीत मागे, कुठे बोथट, कुठे टोकदार. रत्नागिरीतल्या जाती संपल्यावर ते घाटावरच्या ओळखीच्या शिक्षकांकडून हाडं मागवू लागले. तेही संपल्यावर दुसऱ्या देशांतल्या जुन्या बेडकांची छापील चित्रं. एका संध्याकाळी मी कुलूप लावायला उभी होते. दारात चाव्या वाजवत होते, खरं तर, म्हणजे त्यांनी उठावं. सर भिंगातून डोळा न काढता म्हणाले,

"मॅडम, ही खुंटी दुहेरी आहे. मध्ये खाच आहे. असा बेडूक कुणी नोंदवलेला नाही. हा नवा आहे."

मी चाव्या वाजवायची थांबले. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून "आहे" मी पहिल्यांदा ऐकत होते, आणि तेही ओळीने.

त्यांनी पुण्याच्या एका तज्ज्ञांना लिहिलं. तज्ज्ञ वयाने सरांपेक्षा पुष्कळ लहान, पण माणूस नीट होता. हाड मागवून घेतलं, पाहिलं आणि कळवलं की हाड जुनं आहे यात त्यांना शंका नाही, वेगळंही वाटतं. पण एकच हाड, तेही जागेवरून सुटलेलं. त्यावर नवी जात जाहीर करता येणार नाही. येत्या मे महिन्यात पाणी खाली गेलं की आपण स्वतः येऊ, विहिरीच्या भिंतीला आधार देऊन काळ्या थराचा एक मोठा ठोकळा आहे तसा कापून काढू, आणि त्यात दुसरं हाड मिळालं तर जातीला नाव मिळेल.

सरांनी तात्यांना निरोप पाठवला: पुण्याचे साहेब विहीर बघायला येणार.

तो २००२ चा मे होता. पुण्याचे साहेब, त्यांची दोन माणसं, सर आणि मी असे जीप करून गेलो. तात्या स्वच्छ धोतर नेसून वाटेवरच उभे होते. चेहऱ्यावर लग्नघरातला आनंद.

"या या. साहेब, उतरायला काय त्रास व्हायचा नाय आता."

विहिरीवर पोचलो आणि मला काही क्षण आपण चुकीच्या बागेत आलो असंच वाटलं. वर चिऱ्यांचा कठडा होता, त्याला नवी सफेदी. आत जांभ्याच्या खाली तळापर्यंत घडीव चिरे, सांधे सिमेंटने भरलेले, आणि एका बाजूने खाली जाणाऱ्या सुबक पायऱ्या. जांभ्याला बांधणी लागत नाही; तो आपला आपण उभा राहतो. ढासळते ती खालची माती. म्हणून तात्यांनी बांधकाम केलं होतं ते नेमकं शेडीपासून खाली. काळा थर कुठे होता, तेही आता दिसत नव्हतं.

"मागल्या खेपेला सर दोरीला लोंबकळून उतरले," तात्या सांगत होते, "मना रातभर झोप नाय. आता साहेबांना काय तसाच लोंबकळवायचा? बांधायची तर होतीच, म्हटला पाहुने यायच्या आत करू. आनि माती पाहिजे ती काढून ठेवलीय की! चार पोती भरून. ओटीवर सुकवलीय पन."

पुण्याचे साहेब माझ्याकडे पाहू लागले, मी सरांकडे. सर कठड्यावर हात ठेवून खाली बघत होते. मग म्हणाले, "छान झालीय विहीर. चिरे कुठले?"

"लांज्याकडचे."

"चांगले आहेत."

जेवायला बसलो. फणसाची भाजी, आंब्याचा रस, घावणे. कुणीच विहिरीत उतरलं नाही, हे पहिल्यांदा तात्यांच्या बायकोच्या लक्षात आलं. रस वाढता वाढता ती थांबली आणि म्हणाली, "अवो, त्यांना भिंतीतली माती बगायची होती वाटता. पोत्यातली नाय."

तात्यांनी सरांकडे पाहिलं. सर रस कालवत राहिले.

"सर? खरा का ह्या?"

"जाऊ दे तात्या."

"आमचा चुकला काय?"

"नाही हो. विहीर बांधायलाच हवी होती. ढासळली असती."

तात्या ताटावरून उठले. "फोडतो. उद्याच गडी लावतो. माझीच विहीर, मी फोडीन."

मला वाटलं सर "फोडा" म्हणतील. मी तर मनात यादीही सुरू केली होती: गडी, पहारी, आधाराच्या फळ्या. पण सरांनी हात धुतले आणि शांतपणे सांगितलं, "बांधणी फोडली की मागची ओली माती खाली येईल आणि विहीर बुजेल. कलमं अजून लहान आहेत. पाण्याची विहीर हाडासाठी फोडायची नसते, तात्या. बसा, जेवा."

परतीच्या वाटेवर आम्ही जीपमध्ये दाटीवाटीने बसलो. चार पोती माती पायांशी होती. सुकून तिचा भुगा झाला होता, तरी आम्ही पुढे दोन पावसाळे ती पाण्यात भिजवून चाळली. पानांचे तुकडे मिळाले. बेडूक नाही.

मग सुरू झालं विहिरी शोधणं. कुठे विहीर खणताहेत असं कळलं की सर निघायचे, बहुतेक वेळा मला घेऊन. मी विहिरींची यादी केली, तालुका, वाडी, मालक, खोली. एसटीने जायचं, उन्हात चालायचं, कठड्याशी उभं राहून विचारायचं की काळी माती लागली का. लोक विचारायचे, "तुम्ही पानाडी काय?" सर म्हणायचे, "नाही, आम्ही पाणी नाही शोधत." "मग विहिरीत काय शोधता?" याचं उत्तर देण्याची आमची दोघांचीही शक्ती हळूहळू संपली. शिवाय लोक विहिरी खणेनासेच झाले. जो तो बोअर मारू लागला. गणपतीपुळ्याच्या रस्त्याला एका लॉजच्या बोअरमधून काळा चिखल आला असं कळून आम्ही धावत गेलो. यंत्राने सगळं दळून वर फेकलं होतं. सरांनी तो चिखल चिमटीत घेऊन चोळला आणि पंपाच्या पाण्याखाली हात धुऊन टाकले. "इथेही असावा," म्हणाले, "पीठ झालं असावं."

या सगळ्यात ते निवृत्त झाले. निरोप समारंभात गणिताच्या सरांनी कूपमंडूकावर भाषण केलं आणि शेवटी त्यांनाच हुंदका आला. सरांची नजर उतरत चालली होती. भिंगातून पाहायचं झालं तर मी पाहायचं आणि त्यांना सांगायचं.

पुण्याच्या तज्ज्ञांचा लेख आला तो त्यानंतर. दुसऱ्या राज्यातल्या एका कोळशाच्या खाणीत त्यांना तसल्याच बेडकाची पुष्कळ हाडं मिळाली होती, अगदी कवटीसकट. त्यांनी जातीला नाव दिलं होतं आणि रत्नागिरीचं हाडही याच जातीचं, असं एका ओळीत म्हटलं होतं. सरांचे आभार होते. मला राग आला, तरी मी पेढे घेऊन गेले. सरांनी पेढा हातात धरून ठेवला आणि म्हणाले, "त्यांच्या चित्रात खुंटी कशी आहे, सांगा."

मी भिंग लावून पाहिलं. "एकच दिसते, सर."

"खाच?"

"खाच नाही."

"माझं चित्र शेजारी ठेवा. खाच आहे?"

"आहे."

काकू आतून बाहेर आल्या. "म्हणजे काय गो? परत पहिल्यापासून?"

सरांनी पेढा खाल्ला. "त्यांचा त्यांच्या जागी बरोबर आहे. आपला वेगळा आहे." त्यांनी मला पत्र सांगितलं, मी लिहून घेतलं. पुण्याचं उत्तर सभ्य होतं. खाचेचा मुद्दा विचार करण्यासारखा आहे. कदाचित वयामुळे असेल, कदाचित वेगळी जात असेल. त्यांनी त्यांच्याकडेच असलेल्या आपल्या हाडाच्या पेटीवरच्या चिठ्ठीत जातीच्या नावाआधी, खात्री नाही अशा अर्थी, "तुलना करावी" एवढे शब्द घातले. बाकी दुसऱ्या हाडाशिवाय काही करता येत नाही.

पुढच्या वर्षी सर आणि काकू नाशिकला मुलीकडे राहायला गेले. हाडांचे डबे मी कॉलेजात लावून घेतले. काकूंनी रिकामे डबे तेवढे मोजून नेले.

आणि मे महिन्यात तात्यांचा फोन आला. वाडीत नळ आला होता. "बाई, आता नळाचा पानी हाय. इहीर मोकळी झाली. या लवकर, गडी बसवून ठेवलेत." मी गेले. कठड्यावर खरंच चार गडी पहारी घेऊन बसले होते. तात्या म्हातारे दिसत होते. म्हणाले, "सरांना इचारा, कुठनं फोडायची. उजवीकडनं का डावीकडनं."

मी मोबाइल लावला आणि सगळं सांगितलं. सरांनी आधी पाण्याचं विचारलं.

"नळाला पाणी रोज येतं का?"

मी तात्यांना विचारलं. "एक दिवसाआड," मी सांगितलं.

"आणि विहिरीत?"

"आज मे महिना आहे, तरी पुरुषभर आहे."

"मग राहू दे."

"सर, माणसं आलीत. सगळी तयारी आहे. इतक्या विहिरी आपण पालथ्या घातल्या त्या ह्याच हाडासाठी ना? तात्या स्वतः म्हणताहेत."

"तात्या म्हणणारच. नळ बंद पडला की त्यांनी काय करायचं? राहू दे, मॅडम. तो तिथे नीट आहे. त्याला घाई नाही." मग थोडं थांबून, "तुम्ही पण दमला असाल. घरी जा."

मी फोन ठेवला. तात्यांना काही सांगावं लागलं नाही, माझ्या तोंडाकडे बघून त्यांना कळलं. त्यांनी गड्यांना चहा पाजला आणि परत पाठवलं.

सर त्याच पावसाळ्यात गेले. नाशिकहून फोन आला तेव्हा कुणाकुणाला कळवायचं त्याची मी यादी केली. कॉलेज, गणिताचे सर, पुणे. तात्यांचं नाव त्यात होतं, पण त्यांना फोनवर सांगवेना, म्हणून मी रिक्षा करून गेले. पाऊस थांबला होता. तात्या कलमांत गवत काढत होते. मी सांगितलं. त्यांनी कोयता खाली ठेवला.

मग ते विहिरीवर गेले, कळशी सोडली, पाणी ओढलं, आणि अंगातला सदरा काढून कठड्याशी बसून डोक्यावरून आंघोळ केली. आपल्यात घरचं माणूस गेल्याचं कळल्यावर करतात तशी.